रंगाआधी पत्रा



३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे धावत नाही. टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे आणि नोंदणी झालेल्या शेवटच्या पद्मिनीची २० वर्षे त्याच्या आदल्या दिवशी पुरी झाली. वर्तमानपत्रांनी तेव्हा काळ्या-पिवळ्या गाडीचे फोटो छापले, मोठमोठ्या लोकांनी आठवणी लिहिल्या. आपल्या वस्त्यांना ती गाडी फोटोतली नव्हती. कुणाचा बाप रात्रपाळीला ती चालवीत होता, कुणाचा काका कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात तिचा पत्रा ठोकीत होता, कुणाचा मामा गॅरेजात तिच्याखाली उताणा पडून ग्रीस भरीत होता. कित्येक घरांच्या चुली तिच्यावर पेटल्या.

नव्या पिढीसाठी दोन ओळींत माहिती देतो. सदर गाडी मूळची इटलीच्या फियाट कंपनीची. १९५० च्या दशकातले तिचे जुने मॉडेल आपल्याकडे 'डुक्कर फियाट' म्हणून ओळखले जाई. १९६४ मध्ये 'फियाट ११०० डिलाईट' आली, १९७२ मध्ये तिला 'प्रीमियर प्रेसिडेंट' हे नाव मिळाले आणि १९७४ पासून ती 'प्रीमियर पद्मिनी' झाली. इंजिन १०८९ सीसीचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगला लागून. २००० सालाच्या आगेमागे कारखान्यातून नवी गाडी निघणे बंद झाले.

टॅक्सी गेली, पण खासगी पद्मिनी काही गेली नाही. ताडपत्रीखाली, जिन्याखाली, गावच्या घराच्या पडवीत त्या अजून उभ्या आहेत. वडिलांनी पै-पै जमवून घेतलेली गाडी भंगारात द्यायला पोरांचा जीव होत नाही. आम्हांस भेटणारी तरुण मुले वारंवार एकच प्रश्न विचारतात, की ही गाडी घरच्या घरी दुरुस्त होईल काय? आम्ही पडलो कारकून. बी. कॉम. झालेल्या माणसाला जमाखर्च कळतो, पत्रा कळत नाही. परंतु कल्याणच्या पलीकडे राहणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने हे काम हाती घेतले आणि त्याच्या हिशेबाची वही आमच्याकडे दिली. वही लिहायची म्हणून आम्ही रविवारी तिथे जाऊन बसू लागलो. डोळ्यांनी पाहिले आणि जाणत्या माणसाकडून ऐकले तेवढेच इथे मांडतो.

गाडी १९९१ ची. घरातले गृहस्थ शिफ्टवर दुसऱ्याची टॅक्सी चालवीत. त्यांनी १९९८ मध्ये ही गाडी जुनी म्हणून विकत घेतली, स्वतःच्या घरासाठी. कोकणात सोयरिकीला, नागपूरला, पोरांच्या परीक्षांना ती गेली. २०२१ मध्ये ते वारले आणि तेव्हापासून गाडी घराच्या बाजूच्या मातीत प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली गुंडाळून ठेवलेली. थोरला मुलगा आयटीआय फिटर, धाकटी मुलगी नर्सिंगला. आई घरी शिलाईकाम करते.

मुलाने प्रथम एका गॅरेजवाल्याला बोलावले. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि सांगितले, "पंधरा दिवसांत नवीन करून देतो. डेंटिंग-पेंटिंग सगळं. रंग कोणता हवा बोला." रक्कमही सांगितली. ती भागवायला पतपेढीचे कर्ज काढावे लागणार होते. आईने आम्हांला बोलावून सरळ विचारले, "दादा, पत्र्यात पैसे घालायचे, की पोरीच्या फीमध्ये?"

या प्रश्नाला आमच्यापाशी हिशेबाचे उत्तर होते. कमावणारी गाडी असेल तर कर्जाचा विचार करावा. जी गाडी फक्त मनासाठी आहे तिच्यासाठी कर्ज काढू नये. फी आधी. महिन्याचे सगळे भागल्यावर जे उरेल ते गाडीला, आणि उरले नाही तर त्या महिन्यात गाडी ताडपत्रीखाली. मुलाला हे फारसे रुचले नाही, पण पटले. मात्र खरे उत्तर आमच्याकडून आले नाही, ते आले शेजारच्या गल्लीतल्या एका वृद्ध काकांकडून. त्यांचे सगळे आयुष्य मोटारीचा पत्रा ठोकण्यात गेले. त्यांनी गाडीभोवती फेरी मारलीच नाही. एक पेचकस आणि एक लोहचुंबक मागवला आणि गुडघ्यावर बसले.

लोहचुंबकाला रुमाल गुंडाळून त्यांनी तो पत्र्यावरून फिरवला. चांगल्या पत्र्याला चुंबक धरतो. जिथे जुन्या दुरुस्तीची पुटी जाड थापलेली असते तिथे तो निसटतो. चाकांच्या वरच्या कमानीवर आणि दारांच्या खालच्या चार बोटांवर तो निसटत गेला. नंतर त्यांनी पेचकसाच्या मुठीने ठोकायला सुरुवात केली. खणखणीत आवाज आला तर पत्रा जिवंत, भद्द आवाज आला तर आत काहीतरी आहे. दाराखाली जी लांब पोकळ पट्टी असते, जिच्यावरून आपण पाय आत टाकतो, तिला आपण इथे पायपट्टी म्हणू. तिथे त्यांनी पेचकसाचे टोक टेकवून नुसते दाबले. ते आरपार गेले. आतून चहाच्या भुकटीसारखा गंज ओंजळभर खाली आला.

"वहिनी, हा पंधरा दिवसांवाला याच्यावर पुटी लावणार होता," काका म्हणाले. "वरून आरशासारखी दिसली असती. दुसऱ्या पावसाळ्यात फोड आले असते. पण फोडांचं सोडा. पोरं बसतात त्याच्या खाली काही उरलेलं नाही."

ही गोष्ट वाचकांनी नीट समजून घ्यावी, कारण सगळा लेख यासाठी आहे. ट्रकला किंवा जुन्या जीपला खाली वेगळी चासी असते आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असते. बॉडी सडली तरी चासी भार घेते. पद्मिनीला अशी वेगळी चासी नाही. तिचा पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. जमिनीचा पत्रा, दोन बाजूंच्या पायपट्ट्या, छताचे खांब हे सगळे मिळून इंजिनाचा आणि माणसांचा भार उचलतात. पायपट्टी गंजली म्हणजे नुसती शोभा गेली असे नव्हे; टक्कर झाली तर गाडी मधोमध दुमडते. पुटी ही सपाटीसाठी असते. भार घेणे तिला माहीत नाही. तेव्हा गंजावर पुटी मारून रंग चढवणे ही आमच्या मते गिऱ्हाइकाची फसवणूक तर आहेच, पण ती जिवावर बेतणारी फसवणूक आहे. आणि घरच्या घरी काम करणारा हौशी माणूस हीच फसवणूक स्वतःशी करतो, कारण पुटी स्वस्त असते, लवकर वाळते आणि संध्याकाळी काम झाल्यासारखे दिसते.

गंज येतो कुठून? लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की तो येणारच. खारी हवा त्याला घाई करते. आपल्या मुंबई-कोकणच्या पट्ट्यात तिन्ही मुबलक. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. म्हणून दोन पत्रे जिथे एकावर एक जोडलेले असतात तिथे तो आतून फुगतो आणि जोड उकलतो. पण काकांनी दाखवलेली खरी गोम वेगळीच होती. दाराच्या काचेवरून ओघळणारे पाणी दाराच्या आत जातेच. ते बाहेर पडायला दाराच्या तळाशी छोटी भोके ठेवलेली असतात. ती पालापाचोळ्याने आणि मातीने बुजतात, किंवा एखादा रंगारी ती पुटीने बुजवून टाकतो, आणि मग दार म्हणजे पाण्याचा हंडा होतो. पायाखालच्या चटईखालचा नमदा एकदा भिजला की महिनोन् महिने वाळत नाही. आणि ज्या प्लॅस्टिकच्या ताडपत्रीने घरच्यांनी गाडी जिवापाड झाकली होती तिच्यात ओल कोंडली, खाली मातीची ओल वर आली. गाडी झाकायचीच तर वर छप्पर आणि चारी बाजूंनी वारा हवा, चाकांखाली फरशी किंवा विटा हव्यात.

गाडी वाचवायची की सोडायची, याची काकांची एक कसोटी आहे. चाके आणि स्प्रिंगा ज्या ठिकाणी बॉडीला बोल्टने धरलेल्या असतात त्या जागा आधी बघायच्या. त्या चारी जागा चांगल्या असतील तर बाकीचे सगळे कापून नवे करता येते. त्याच सडल्या असतील तर घरी हात लावू नये. अशी गाडी अधिकृत स्क्रॅप केंद्रात द्यावी, तिथे मोडीत काढल्याचे सर्टिफिकेट मिळते आणि नोंदणी रद्द होते. भंगारवाल्याला कागदासकट गाडी देऊन मोकळे होणारे लोक पुढे पोलीस चौकीच्या चकरा मारतात. या गाडीच्या तीन जागा ठणठणीत निघाल्या, चौथीला वरवरचा गंज होता. काका म्हणाले, "चालेल."

कागदाचा विषय निघालाच आहे तर तो उरकून घेऊ. गाडी मयताच्या नावावर ठेवून तिच्यात एक रुपयाही घालू नका. वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ असतो, त्याबरोबर मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे गाडी तपासणीला दाखवून ती ५-५ वर्षांनी वाढवून घ्यायची. महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण कर भरावा लागतो. रंग बदलणार असाल तर तोही नोंदवून घ्या. काही मुलांचा समज असतो की जुनी गाडी म्हणजे व्हिंटेज, तिला सगळे माफ. तसे नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी, आणि तशी नोंदणी घेतली तर ती रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. १९९१ ची पद्मिनी ही कायद्याने साधी जुनी गाडी.

आता कामाकडे. हे काम ४१ रविवार चालले. मुलगा कापायचा आणि घासायचा, काका सांगायचे आणि ठोकायचे, वेल्डिंगला मुलाच्या आयटीआयतला एक मित्र यायचा. काकांना आम्ही पहिल्या दिवशीच मजुरी ठरवायला लावली. ते नको नको म्हणत होते. आमचा आग्रह असा की शेजारधर्म चहापुरता ठेवावा, हुन्नराचे पैसे द्यावेत. गॅरेजात जाणारी शिकलेली माणसेही पत्रा ठोकणाऱ्याला अरेतुरे करतात आणि त्याच्या मालकाला अहोजाहो, हे आम्ही जन्मभर पाहत आलो. वहीत पहिली नोंद काकांच्या मजुरीची आहे.

कापण्याआधी आधार. पायपट्टी कापली की गाडी मधून खचू शकते, आणि त्या खचलेल्या स्थितीत नवा पत्रा वेल्ड केला तर दरवाजे पुन्हा कधीच नीट बसत नाहीत. म्हणून गाडी सपाट जमिनीवर मजबूत लोखंडी स्टँडवर घेतली. जॅकवर ठेवून तिच्याखाली कोणीही शिरायचे नाही हा काकांचा कडक दंडक. मग दाराच्या चौकटीत आडवा-तिरपा लोखंडी अँगल तात्पुरता जोडून ती चौकट पक्की केली. एका वेळी एकच बाजू कापायची. डावी पूर्ण जोडून, दरवाजे लावून, उघडझाप करून पाहिल्याशिवाय उजवीला हात नाही. मुलगा घाई करी तेव्हा काका म्हणत, "अरे, दोन्ही पाय एकदम उचलतोस का चालताना?"

गंज कापताना चकचकीत लोखंड लागेपर्यंत मागे जायचे. गंजाच्या कडेला नवा पत्रा जोडला तर वेल्डिंगला धरायलाच काही नसते, भोक उलट मोठे होत जाते. बाहेरचा पत्रा २० गेजचा, भार घेणाऱ्या जागी १८ गेजचा वापरला. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापायचा, तो जागेवर बसवून पाहायचा, मग त्याप्रमाणे पत्रा. आईने इथे मुलाला दोन गोष्टी शिकवल्या, कारण ब्लाउजचा कटोरी भाग कापणे आणि चाकाच्या कमानीचा तुकडा कापणे यात तिला काही फरक दिसेना. कमानीचा नमुना तिनेच कापून दिला आणि तो पहिल्याच खेपेला बसला.

घराजवळ पत्र्याच्या शेडचा जस्ती पत्रा पडलेला होता. मुलाने तो वापरावा असे सुचवले. काकांनी तो लांब फेकला. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्ड केला की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. फॅब्रिकेशनच्या दुकानात काम करणाऱ्या आपल्या पोरांना हा ताप ओळखीचा आहे, पण बरेच जण तो हवा बदलल्याचा समजून गोळी घेतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच धुरात उभे राहतात. मुलामा घासून काढावा, किंवा साधा पत्रा घ्यावा.

वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडवली, सीट आणि चटया बाहेर काढल्या आणि पेट्रोलची टाकी उतरवून पार अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. रिकामी टाकी निर्धोक असते हा समज मोडायला हवा. भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीतली वाफ जास्त भयंकर पेटते. टाकीला भोक असेल तर घरी कुणीही तिला ज्योत दाखवू नये. पाण्याची बादली आणि वाळू हाताशी होती. पातळ पत्र्यावर सलग वेल्डिंग ओढले की उष्णतेने तो पापडासारखा वाकडा होतो, म्हणून इथे एक टाका, तिथे एक टाका, मधे थंड होऊ द्यायचे, असे करीत शेवटी टाके जुळवायचे. सीओटू वेल्डिंगला उष्णता कमी पसरते, त्यामुळे ते पातळ पत्र्याला बरे. त्याचे मशीन भाड्याने आणले होते.

तरी काही ठिकाणी पत्रा ताणला गेला. दाबला की डब्याच्या झाकणासारखा टक आत, टक बाहेर. इथे काकांचा हात पाहावा. नाण्याएवढी जागा लाल तापवायची, मागे डॉली म्हणजे मुठीत मावणारा लोखंडी ठोकळा धरायचा, तापलेल्या जागेभोवती हलके ठोकायचे आणि ओले फडके दाबायचे. चर्र होऊन पत्रा आवळतो. अशा पाच-सहा ठिपक्यांत झाकणाची टकटक बंद झाली. आम्ही विचारले, "किती तापवायचं हे कसं कळतं?" ते म्हणाले, "जास्त तापवलं की कळतं." हे ज्ञान कुठल्या वहीत नाही. मुलाने पुढे मोबाईलवर त्यांचे हात चित्रित करून ठेवले, हे त्याने फार चांगले केले.

दाराचा तळ सडलेला होता तिथे दुसरा मार्गही असतो. कुर्ल्याला जुन्या सुट्या भागांची दुकाने आहेत, तिथे पद्मिनीचे आख्खे दरवाजे मिळू शकतात. पण जाताना चुंबक आणि पेचकस घेऊनच जा. रंगवलेला दरवाजा घेऊ नका. गंज दिसतो असा, न रंगवलेला घ्या. समोरचा एक दरवाजा तसा मिळाला.

जोड झाल्यावर आतल्या पोकळीचा विचार. पायपट्टी आतून कोरी राहिली तर सगळी मेहनत पाच पावसाळ्यांची. वरवरच्या गंजाला फॉस्फोरिक ॲसिडचे गंजनाशक लावले, त्याने गंज काळसर होऊन स्थिरावतो. पण भोक पडलेल्या पत्र्याला ते औषध नव्हे. नंतर एपॉक्सी प्रायमर, आणि पोकळ्यांत पातळ मेणाचा फवारा. काही ठिकाणी वापरलेले इंजिन ऑइल आत ओततात. ते हाताच्या कातडीला वाईट आणि ठिबकून मातीही खराब करते.

आता येते पुटी. होय, पुटी लागतेच. तिच्याशी आमचे वैर नाही. पण ठोकून पत्रा जितका सरळ येईल तितका आणायचा आणि राहिलेला पोत २-३ मिलिमीटरच्या आत भरायचा. इथे धाकटी मुलगी कामाला आली. सुट्टीत घरी असताना तिने सुती हातमोजा घालून तळवा पत्र्यावरून फिरवला आणि डोळ्यांना न दिसणारा खड्डा नेमका दाखवला. काकाही चकित झाले. त्यानंतर घासण्याचे काम तिच्या देखरेखीखाली गेले. लाकडाच्या सपाट ठोकळ्याला पेपर गुंडाळून ८० नंबरने सुरुवात, मग १२०, १८०, ३२०. प्रायमरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारून घासले की उंचवट्यावरचा काळा जातो आणि खड्ड्यात राहतो. भाऊ म्हणायचा "झालं", ती काळे ठिपके दाखवायची. एकाच मडगार्डवर असे तीन रविवार गेले.

घासताना उडणारी धूळ हा थट्टेचा विषय नाही. जुन्या रंगात शिसे असू शकते. शक्य तिथे पाण्याने, वॉटर पेपरने घासावे, चांगला मास्क लावावा, लहान मुलांना लांब ठेवावे आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत. मात्र पुटी उघडी असताना पाण्याने घासू नये, ती पाणी पिते. साधा प्रायमरही पाणी अडवीत नाही. जूनच्या तोंडावर प्रायमर मारून गाडी तशीच ठेवणाऱ्यांनी दिवाळीत सगळे पुन्हा घासलेले आम्ही ऐकले आहे. आमच्या मंडळींनी मे महिन्यात हात आवरला, एपॉक्सीचा थर दिला आणि गाडी छपराखाली ठेवून चार महिने विश्रांती घेतली.

रंगाबाबत आम्हांस कळकळीने सांगावेसे वाटते. हल्ली चकाकीसाठी टू-पॅक रंग मारतात, ज्यात हार्डनर मिसळावा लागतो. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याच्या फवाऱ्याने दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढे अगदी थोड्या वासानेही उचल खातो. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. त्याला बाहेरून ताजी हवा पुरवणारा मुखवटा आणि बंद बूथ लागतो. चाळीच्या पॅसेजमध्ये, बैठ्या घरांच्या बोळात, शेजारची खिडकी दोन हातांवर असताना हा रंग फवारणे म्हणजे शेजाऱ्याच्या लेकराच्या छातीत तो फवारणे. जे काही घरी करायचे ते पत्र्याचे करा. टू-पॅकचा शेवटचा हात बूथ असलेल्या ठिकाणी द्या. जुना ड्युको रंग घरी मारता येतो, पण त्याच्या थिनरची वाफ पेट घेते. मोकळी हवा हवी, जवळ शेगडी, देव्हाऱ्यासारखी पेटती ज्योत किंवा विडी नको. दमट हवेत ड्युकोवर पांढुरकी झाक येते, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे कोरडे दिवस बघावेत.

या कुटुंबाने गाडी डिसेंबरात भाड्याच्या टेंपोवर चढवून बूथवर नेली. रंग मूळचाच ठेवला, फिका बदामी. वडिलांनी ज्या दुकानातून सीटचे रेक्झिन घेतले होते ते दुकान आता नाही. आईने दुसरीकडून आणून सीटची कव्हरे स्वतः शिवली. पॉलिशचे सांगण्यासारखे विशेष काही नाही.

वहीतले भाव मुद्दाम छापत नाही, कारण ते गावोगावी निराळे आणि सहा महिन्यांत शिळे होतात. पण वहीचा आकार सांगतो. पहिल्या सहा महिन्यांच्या पानांवर रंगाचा एक रुपयाही नाही. सगळ्यात मोठी रक्कम मजुरीची, त्याखालोखाल मशीनचे भाडे, पत्रा आणि वायर यांची, मग प्रायमर आणि पेपर. रंग व बूथ मिळून एकूण खर्चाच्या चौथाईच्या आत. एकूण बेरीज गॅरेजवाल्याने सांगितलेल्या रकमेपेक्षा थोडी जास्तच झाली, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. फरक असा की ती वर्षभरात तुकड्यातुकड्यांनी गेली, व्याज पडले नाही आणि फीच्या दोन्ही पावत्या त्याच वहीत वेळेवर चिकटवलेल्या आहेत. दोन महिने वहीत काहीच नाही. त्या महिन्यांत आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन होते.

तपासणीत गाडी पास झाली. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला तेव्हा काका छत्री घेऊन आले आणि गाडीत बसायच्या ऐवजी दाराखाली वाकून बघत राहिले. तिन्ही दरवाजांच्या तळच्या भोकांतून पाणी बारीक धारेने खाली पडत होते. चौथा, मागचा डावा, कोरडा होता. म्हणजे पाणी आत अडकले. मुलाने सायकलच्या चाकाची तार आणली, भोकात साचलेले बूथवाल्याच्या रंगाचे पापुद्रे काढले, आणि तिथूनही पाणी वाहू लागले.